बटण दाबण्याआधी : परिसर अभ्यास आणि बहुमाध्यम

पोलादपूरहून उमरठ, ढवळे या गावांकडे जाताना वाटेत कापडे लागते. रायगड जिल्ह्याच्या या आतल्या कोपऱ्यात एका बाजूला महाबळेश्वरचा डोंगर उभा आहे आणि खाली सावित्रीचे खोरे पसरले आहे. इथल्या चौथीच्या वर्गात आपण उभे आहोत असे समजू या. "सावित्री नदी कोठे उगम पावते?" असे विचारले, तर "महाबळेश्वरला" हे उत्तर सगळा वर्ग एका सुरात देईल. आता दुसरा प्रश्न विचारू. "महाबळेश्वरला रात्रभर पाऊस कोसळला आणि सकाळी महाडला उघडीप पडली, तर महाडच्या नदीकाठच्या दुकानदाराने निवांत बसावे का?" या वेळी एका सुरातले उत्तर येणार नाही. कोणी हो म्हणेल, कोणी नाही म्हणेल, कोणी मामाच्या घरात पाणी कसे शिरले होते ते सांगू लागेल.

पहिल्या प्रश्नाला पाठांतर पुरते. दुसऱ्यासाठी नकाशा, उतार, पाऊस, वेळ आणि माणसांचा अनुभव यांची सांगड घालावी लागते. परिसर अभ्यास हा विषय खरे म्हणजे या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांसाठी आहे. आज अनेक शाळांत पडदा, संगणक किंवा निदान शिक्षकांचा मोबाइल फोन आहे. या साधनांवरच्या बहुमाध्यमाचा, म्हणजे मल्टिमिडियाचा, अशा प्रश्नांसाठी उपयोग होतो का, आणि केव्हा होतो, याचा विचार या लेखात करू या.

बहुमाध्यम म्हणजे काय?

मजकूर, चित्र, आवाज आणि चलच्चित्र ही माध्यमे काही नवी नाहीत. नकाशा, तक्ता, ध्वनिफीत, आकाशवाणी यांचा वापर शिक्षक पूर्वीपासून करत आले आहेत. संगणकाने दोन गोष्टी नव्या केल्या. पहिली अशी की, ही सारी माध्यमे त्याने आकड्यांत रूपांतरित करून एकाच ठिकाणी साठवली. दुसरी अशी की, त्यांपैकी कोणती केव्हा दिसावी हे पाहणाऱ्याच्या हाती दिले.

आकड्यांची गोष्ट थोडी समजून घेऊ. पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. आडवे ६४० आणि उभे ४८० ठिपके धरले, तर एका चित्रात ३ लाख ७ हजार २०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला तीन बाइट लागतात, म्हणून एका चित्राला ९ लाख २१ हजार ६०० बाइट लागतात. चलच्चित्रात सेकंदाला अशी २५ चित्रे दाखवायची, तर सेकंदाला सुमारे २ कोटी ३० लाख बाइट झाले. एका सीडीत सुमारे ६५ कोटी बाइट मावतात. म्हणजे या हिशेबाने सगळी सीडी जेमतेम २८ सेकंदांत संपेल! म्हणून चित्रे दाबून साठवावी लागतात. पाठीमागचा डोंगर हलत नसेल, तर तो दर वेळी नव्याने साठवायचा नाही. पुढून जाणारी एस.टी. तेवढी नव्याने नोंदवायची, अशी ही युक्ती आहे.

आवाज मात्र स्वस्त असतो. टेलिफोनवर ऐकू येतो तितपत स्वच्छ आवाज साठवायला सेकंदाला ८,००० बाइट पुरतात, म्हणजे मिनिटाला पाच लाखांहूनही कमी. एखाद्या आजीने सांगितलेली दहा मिनिटांची आठवण चलच्चित्राच्या मानाने किती कमी जागा घेते पाहा. शाळेने स्वतः साहित्य तयार करायचे ठरवले, तर हा हिशेब पुढे कामाला येतो.

आता दुसरी गोष्ट. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सरळ जाते. पण एका मजकुरातून दुसऱ्या मजकुरात उडी मारता यावी, असे दुवे जोडण्याची कल्पना व्हॅनेव्हर बुश या अमेरिकी अभियंत्याने १९४५ साली एका लेखात मांडली होती. टेड नेल्सन यांनी १९६५ साली अशा मजकुराला 'हायपरटेक्स्ट' हे नाव दिले. १९८७ साली ॲपल कंपनीच्या 'हायपरकार्ड' या आज्ञावलीमुळे प्रोग्रॅमिंगचे शिक्षण नसलेल्या शिक्षकांनाही दुवे जोडलेली कार्डे बनवता येऊ लागली. नकाशावरच्या ठिपक्यावर बोट ठेवले की त्या गावाचे चित्र दिसते, ती हीच कल्पना.

संवाद कोणाचा कोणाशी?

अशा साहित्याला परस्परसंवादी म्हणतात. पण हा शब्द फार सैल वापरला जातो. त्याच्या तीन पायऱ्या वेगळ्या करून पाहू.

पहिल्या पायरीवर मूल फक्त 'पुढे' हे बटण दाबते. हे पान उलटण्यासारखेच झाले. दुसऱ्या पायरीवर प्रश्न येतो, मूल चार पर्यायांपैकी एक निवडते आणि बरोबर असेल तर टाळ्या वाजतात. सरावासाठी याचा उपयोग आहे, पण दुकानदाराच्या प्रश्नाला असे एका शब्दाचे उत्तर नाही. तिसऱ्या पायरीवर मूल निर्णय घेते आणि त्या निर्णयाप्रमाणे पुढची परिस्थिती बदलते. इथे परिसर अभ्यासाला खरा वाव मिळतो.

मग बहुतेक साहित्य पहिल्या दोन पायऱ्यांवरच का थांबते? गणित करून पाहा. गोष्टीत पाच वेळा निर्णय घ्यायचा आहे आणि प्रत्येक वेळी दोनच पर्याय आहेत असे धरू. पहिल्या टप्प्यावर १ प्रसंग, मग २, ४, ८, १६ आणि शेवटी ३२ वेगवेगळे शेवट. म्हणजे एकूण ६३ प्रसंग लिहावे लागतील, त्यांची चित्रे काढावी लागतील. सातवा, आठवा निर्णय घालायला गेलो की काम आटोक्याबाहेर जाते.

यावर उपाय असा की, प्रत्येक फाटा वेगळा लिहायचा नाही. काही आकडे जवळ ठेवायचे आणि निर्णयाप्रमाणे ते बदलायचे. याचे एक जुने आणि नामांकित उदाहरण अमेरिकेतले आहे. १९७१ साली मिनियापोलिस शहरात डॉन रॉविच हा विद्यार्थी-शिक्षक आठवीला इतिहास शिकवत होता. एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांतून सुमारे तीन हजार किलोमीटर प्रवास करून ओरेगॉनला गेलेल्या कुटुंबांचा धडा होता. त्याने बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर या दोन मित्रांच्या मदतीने संगणकावर एक खेळ तयार केला. त्या यंत्राला पडदा नव्हता. टेलिप्रिंटरच्या कागदावर अक्षरे उमटत. जवळ किती पैसे आहेत, धान्य किती, बैल किती, याचे आकडे संगणक ठेवी आणि मुले ठरवत, आज पुढे जायचे की शिकार करायची. चित्र नाही, संगीत नाही, तरी मुले खेळात रंगून जात. पुढे त्याच्या रंगीत आवृत्त्या निघाल्या आणि अमेरिकेतल्या असंख्य शाळांत तो पोहोचला.

या खेळाने आणखी एक गोष्ट शिकवली. ज्या प्रदेशातून या गाड्या गेल्या, तिथे मूळ रहिवासी राहत होते. जुन्या आवृत्त्यांत सगळी गोष्ट गाडीत बसलेल्यांच्या नजरेने दिसे. त्यावर टीका होत राहिली, आणि २०२१ साली निघालेल्या आवृत्तीसाठी मूळ रहिवाशांच्या इतिहासाच्या अभ्यासकांचा सल्ला घेण्यात आला. खेळात कोणाच्या बाजूने उभे राहायचे हे खेळ लिहिणारा आधीच ठरवून ठेवतो. मुलाला वाटते, मी निवड करतो आहे. पण निवडीचे पर्याय दुसऱ्याने दिलेले असतात. म्हणून खेळ संपल्यावर शिक्षकांनी एक प्रश्न जरूर विचारावा : "या गोष्टीत कोण बोललेच नाही?"

मुलांनी लिहिलेला देश, आणि त्याचे पुढे काय झाले

दुसरे उदाहरण ब्रिटनचे. १०८६ साली तिथल्या राजाने देशाची गावे, जमिनी आणि गुरे यांची नोंद करवून घेतली होती. 'डोम्सडे बुक' या नावाने ती प्रसिद्ध आहे. १९८६ साली तिला नऊशे वर्षे होणार होती, त्या निमित्ताने बी.बी.सी.ने नवी नोंद करायचे ठरवले. देशाचे चार किलोमीटर रुंद आणि तीन किलोमीटर उंच असे चौकोन पाडले आणि शाळांना सांगितले की, तुमच्या चौकोनात काय आहे ते लिहा, छायाचित्रे काढा. दहा लाखांहून अधिक लोकांनी यात भाग घेतला, त्यात शाळकरी मुलेच जास्त होती. दुकानात काय मिळते, सुट्टीत आपण काय खेळतो, गावातले लोक कशाबद्दल कुरकुर करतात, असे सगळे मुलांनी लिहिले. नकाशावरून चौकोनात शिरायचे आणि ते वाचायचे, अशी सोय लेसर तबकड्यांवर केली.

कल्पना उत्तम होती, पण त्या तबकड्या वाचणारे यंत्र सुमारे पाच हजार पौंडांचे होते. ज्या मुलांनी लिहिले त्यांच्यापैकी अनेकांच्या शाळांना ते विकत घेता आले नाही. पंधरा वर्षांत ती यंत्रेच दुर्मिळ झाली. चामड्यावर शाईने लिहिलेला १०८६ सालचा ग्रंथ आजही वाचता येतो, पण १९८६ सालची तबकडी वाचण्यासाठी २००२ साली संशोधकांना जुन्या संगणकाची नक्कल करणारी आज्ञावली लिहावी लागली. पुढे २०११ साली हा मजकूर इंटरनेटवर आला.

हे दूरचे उदाहरण वाटेल, पण आपल्याकडेही असेच घडले. पुण्यात १९८४ साली सुरू झालेल्या 'बालचित्रवाणी' या राज्याच्या संस्थेने शालेय कार्यक्रम तयार केले आणि ते दूरदर्शनवरून घरोघर पोहोचले. ही संस्था २०१७ साली बंद झाली. दरम्यान आलेले बरेचसे शैक्षणिक साहित्य 'फ्लॅश' या तंत्रावर बनवले होते. ३१ डिसेंबर २०२० नंतर त्या तंत्राचा आधार काढून घेतला गेला आणि शाळेच्या कपाटातल्या कितीतरी सीडी निरुपयोगी झाल्या. आता पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड असतात. पुस्तकांना कोड जोडण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी केला आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. ही वाट चांगलीच आहे. पण कोड हा फक्त पत्ता असतो. पत्त्यावरचे घर हलले की कोड मुका होतो.

यातून आम्ही दोन धडे घेतो. मुलांनी स्वतः केलेले काम सर्वांत मोलाचे असते. आणि ते साध्या रूपात साठवावे : साधा मजकूर, साधी छायाचित्रे, साधी ध्वनिमुद्रणे, दोन ठिकाणी जपून ठेवलेली, आणि एक प्रत वहीत, कागदावर.

कापड्याचा धडा : पाऊस, उतार आणि माणसे

आता दुकानदाराच्या प्रश्नाकडे परत येऊ आणि त्यावर एक धडा रचून पाहू.

पहिला पडदा नकाशाचा. उपग्रहाची छायाचित्रे 'भुवन' या इस्रोच्या संकेतस्थळावर किंवा गुगल अर्थवर मिळतात. मुलांनी कापडे शोधावे, मग बोटाने पाण्याची वाट धरून खाली महाडपर्यंत जावे आणि वर महाबळेश्वरपर्यंत चढावे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचावर आहे आणि महाड जवळजवळ समुद्राच्या पातळीला. महाडजवळ गांधारी आणि काळ या नद्या सावित्रीला मिळतात, आणि खालून बाणकोटच्या खाडीतून भरतीचे पाणी वर चढते. सपाट छापील नकाशात ही उंची मुलांच्या लक्षात येत नाही. पडद्यावर नकाशा तिरका करून पाहिला की डोंगर उभा राहतो. इथे पडद्याचा फायदा निर्विवाद आहे.

दुसरा पडदा पावसाचा. २२ आणि २३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हा आकडा मुलांना नुसता सांगून उपयोग नाही. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला, तर ते पाणी बरोबर एक लिटर होते. वर्गाचे छप्पर १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असेल, तर ५० चौरस मीटर. त्यावर ५९४ मिलिमीटर म्हणजे २९,७०० लिटर पाणी! मुलांनी शाळेची टाकी किती लिटरची आहे ते पाहून यावे आणि अशा किती टाक्या भरतील ते काढावे. मग विचारावे : हे एका छपराचे झाले, सगळ्या डोंगराचे किती?

तिसऱ्या पडद्यावर खेळ. तीन आकडे ठेवायचे : घाटमाथ्यावरचा पाऊस, आधीच्या दिवसांत जमीन किती भिजली आहे, आणि खाडीत भरती आहे की ओहोटी. मुलांच्या गटाने हे आकडे बदलून पाहावेत आणि दुकानदाराने माल केव्हा वर चढवावा, मुलांना केव्हा हलवावे ते ठरवावे. स्प्रेडशीटवर किंवा दुवे जोडलेल्या स्लाइडवर हे करता येते. मात्र हा खेळ आहे, पुराचे भाकीत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे. खऱ्या पावसात प्रशासनाची सूचना आणि गावातल्या जाणत्यांचा शब्द ऐकायचा.

चौथा भाग पडद्यावर नाही. एका पत्र्याच्या ताटात माती दाबून बसवावी, ताट हळूहळू तिरके करावे आणि कोरडी माती किती तिरकस झाल्यावर घसरते ते पाहावे. मग तीच माती झारीने भिजवून पुन्हा पाहावे. भरपूर पाणी मुरलेली माती जड होते, आणि कणांमधले पाणी त्यांना एकमेकांपासून ढकलत असल्याने त्यांची एकमेकांवरची पकड सुटते. दरड कोसळण्याचे मूळ कारण हेच. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व सुतारवाडी इथे दरडी कोसळल्या. एकट्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गेली.

इथे शिक्षकांनी थोडे थांबावे. वर्गात अशी मुले असू शकतात की ज्यांच्या घरातली किंवा नात्यातली माणसे त्या पावसात गेली. दुर्घटनेची चलच्चित्रे पडद्यावर लावू नयेत. कोणत्याही मुलाला आठवण सांगायला भाग पाडू नये. पण विषयच टाळणेही बरे नाही. दरड येण्याआधी जमिनीला भेगा पडतात का, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होते का, झाडे वा खांब कलतात का, हे पाहण्याची सवय या खोऱ्यातल्या मुलांच्या कधी ना कधी उपयोगी पडणार आहे. भूगोलाचा धडा जिवाशी इतका जोडलेला क्वचितच असतो.

शेवटी मुलांनी बाहेर पडावे. गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे की, मोठा पाऊस कोणत्या साली झाला, पाणी कुठवर आले, कोणती वाट बंद झाली. फोनवर आवाज मुद्रित करावा, अर्थात परवानगी घेऊन. ज्यांची माणसे मुंबईला कामाला आहेत, त्यांनी फोन करून विचारावे. पाच मिनिटांचा आवाज, एक छायाचित्र आणि नकाशावर एक खूण, एवढ्यात एक पडदा तयार होतो. अशा वीस खुणा जमल्या की गावाचा स्वतःचा नकाशा झाला. तो कोणत्याही कंपनीच्या तबकडीवर मिळणार नाही.

पडद्यावरची घोरपड

परिसर अभ्यासाचा दुसरा भाग इतिहासाचा. आपल्याकडे चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास शिकवण्याची परंपरा आहे, आणि कापड्याच्या मुलांना तो दूरचा वाटत नाही. तानाजी मालुसरे यांची समाधी ज्या उमरठला आहे, ते गाव याच वाटेवर पुढे आहे. प्रतापगडही याच डोंगररांगेत आहे.

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा घेतला तो प्रसंग ॲनिमेशनमध्ये दाखवला, तर मुले श्वास रोखून पाहतील. घोरपड कडा चढते, दोर सुटतो, मावळे वर जातात. पाहून झाल्यावर मूल म्हणेल, "मी पाहिले." इथेच धोका आहे. पुस्तकातल्या वाक्याबद्दल मुलाला शंका येऊ शकते. हलत्या चित्राबद्दल ती येत नाही, कारण डोळ्यांनी पाहिलेले खरे, असे आपण सारेच मानतो. पण कॅमेरा तेव्हा नव्हता. मिशी, पागोटे, कड्याची उंची, सगळे चित्रकाराने कल्पनेने भरलेले असते.

मग हा प्रसंग दाखवू नये का? जरूर दाखवावा, पण त्यानंतर मुलांपुढे कार्डे ठेवावीत. एक कार्ड सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासद बखरीचे. तिच्यात मावळे गड चढल्याचे आणि तानाजी धारातीर्थी पडल्याचे आहे, पण घोरपड नाही. दुसरे कार्ड पोवाड्याचे. त्यात घोरपड आहे. तिसरे कार्ड १६६३ सालच्या एका पत्राचे. त्यात 'सिंहगड' हे नाव आधीच आलेले आहे. म्हणजे तानाजीच्या मृत्यूनंतर गडाला ते नाव मिळाले, ही गोष्ट तपासून पाहावी लागते. मुलांनी कार्डे सालाप्रमाणे लावावीत आणि प्रत्येक कार्डाशेजारी लिहावे : हे कोणी सांगितले, घटनेनंतर किती वर्षांनी, आणि कोणासाठी?

यामुळे तानाजीचे शौर्य कमी होते असे आम्हाला वाटत नाही. अंधारात कडा चढून गड घेणारी माणसे होती, हे बखरीनेही सांगितलेच आहे. पोवाडा खोटा म्हणून टाकायचाही नाही. लोकांनी आपला वीर कसा आठवला, याचा तो पुरावा आहे. चौथीतल्या मुलाला एवढा भेद कळला, तर पुढे मोठेपणी फोनवर आलेले कोणतेही चलच्चित्र ते डोळे मिटून खरे मानणार नाही.

ठराव झाला, पाणी का मिळाले नाही?

महाडचे चवदार तळे हा नागरिकशास्त्राचा धडा आहे. इथे भूमिका वाटून खेळ करण्याचा मोह होतो : तू अमुक जातीचा, तू तमुक. कृपया तसे करू नये. अपमान हा खेळण्याचा विषय नाही, आणि वर्गातल्या काही मुलांच्या घरात ती आठवण जिवंत असते.

त्याऐवजी कागदपत्रांचा क्रम लावायला द्यावा. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तिथे जाऊन पाणी प्यावे लागले. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. पडद्यावर या तारखा विस्कटून द्याव्यात, मुलांनी त्या ओळीने लावाव्यात आणि प्रत्येक दोन तारखांच्या मधल्या रिकाम्या जागेत लिहावे : "मध्ये काय झाले असेल?" कायदा होणे आणि तो अमलात येणे यांत किती अंतर असते, हे मुलांना व्याख्येपेक्षा या रिकाम्या जागांतून जास्त चांगले समजेल.

एक पडदा, अनेक मुले

डोंगरातल्या शाळांत पट लहान, एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता आणि पडदा एकच, अशी स्थिती अनेकदा असते. आमच्या मते ही अडचण थोडी फायद्याचीही आहे. प्रत्येक मुलापुढे यंत्र असले की बोट आधी चालते आणि विचार मागून येतो. एकच यंत्र असले की गटाला आधी बोलून ठरवावे लागते. म्हणून एक नियम करावा : कारण सांगितल्याशिवाय बटण दाबायचे नाही. कारण फळ्यावर लिहायचे, मग बटण दाबायचे, आणि नंतर फळ्यावरचे कारण टिकले की नाही ते पाहायचे.

साहित्य निवडताना मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी अनेक प्रयोगांतून काढलेले काही निष्कर्ष उपयोगी पडतात. चित्रासोबत बोललेले शब्द असले तर चांगले समजते. पण तेच शब्द त्याच वेळी पडद्यावर लिहूनही दाखवले, तर बहुधा मुलांचे लक्ष विभागले जाते. पार्श्वसंगीत, नाचणारी अक्षरे, विषयाशी संबंध नसलेली गमतीदार चित्रे यांनी धडा रंजक वाटतो, पण समज कमी होते. तेव्हा संगीत बंद करावे आणि चित्र थांबवून बोलावे. थांबवण्याचे बटण हे शिक्षकांचे सर्वांत उपयोगी बटण आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. आपल्या गावातून वाहणारे पाणी समुद्राला कोठे मिळते, ते पडद्यावरच्या नकाशात बोटाने शोधा. वाटेतल्या गावांची यादी करा.

२. एखादे ऐतिहासिक चलच्चित्र पाहा. त्यातल्या पाच गोष्टी लिहा आणि प्रत्येकीपुढे 'पुरावा आहे', 'चित्रकाराची कल्पना' किंवा 'शोधावे लागेल' असे लिहा.

३. गावातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीची पाच मिनिटांची आठवण परवानगी घेऊन मुद्रित करा. तिच्यातली एक गोष्ट दुसऱ्या कोणाकडून तरी पडताळून पाहा.

४. तीन निर्णयांचा एक खेळ कागदी कार्डांवर तयार करा. किती कार्डे लागली ते मोजा. संगणकावर तो नंतर चढवता येईल.

शेवटचा उपक्रम आधी कागदावर करायला आम्ही मुद्दाम सांगतो. ज्या धड्याचा कागदावर विचार झालेला नाही, तो पडद्यावर गेल्याने चांगला होत नाही. आणि ज्या धड्याचा विचार झालेला आहे, तो वीज गेली तरी थांबत नाही. पावसाळ्यात कापड्यासारख्या गावी हेही लक्षात ठेवावे लागते.